शिकवण्याची रीत देशांतर कशी करते?

१. एक साधा प्रश्न

एखाद्या गावातील एखादा शिक्षक विलक्षण चांगले शिकवतो, त्याच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी उतारवयातही त्याचे नाव काढतात, आणि तरीही तो सेवानिवृत्त झाला की त्याची हातोटी त्याच्याबरोबरच घरी जाऊन बसते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेला असतो. आणि तो घेतल्यावर मनात साहजिकच येते, की औषधाचा पाठ किंवा पुलाचा आराखडा जसा एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतो, तशी शिकवण्याची उत्तम रीत नेता येणार नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्यापेक्षा, ज्यांनी हा खटाटोप शतकानुशतके, अनेक खंडांत आणि लेखी दप्तर ठेवून केला, अशा कोणाचा तरी अनुभव तपासणे श्रेयस्कर. असा अनुभव कॅथलिक पंथाच्या विद्यापीठांपाशी, आणि त्यांतही येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, विद्यालयांपाशी विपुल आहे. त्यांच्या श्रद्धेशी आपला संबंध असो वा नसो, अध्यापनाची रीत दूरदेशी पाठवताना काय टिकते आणि काय नासते, याचा त्यांच्याइतका दीर्घ हिशेब क्वचितच दुसरीकडे सापडेल.

पुढील विवेचन सुकर व्हावे म्हणून घरातलाच एक दाखला आरंभी घेऊ. शेजारणीचे दही घट्ट व गोड लागते म्हणून आपण तिच्याकडून वाटीभर विरजण आणतो; परंतु दूध आपल्या घरचे असते, ऋतू आपल्या गावचा असतो, आणि दूध किती कोमट असताना विरजण घालावे हे शेजारणीने सांगितले नाही, तर उत्तम विरजण असूनही दही अदमुरेच राहते. अध्यापनाच्या रीतीचे नेमके असेच आहे.

२. पॅरिसचे विरजण

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे स्पेनमधील बास्क प्रांताचे सरदारपुत्र. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली, आणि तिशी उलटल्यानंतर ते बार्सिलोना शहरी लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिनची रूपे घोकू लागले. पुढे आल्काला येथील विद्यापीठात त्यांनी तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान आणि धर्मशास्त्र ही तिन्ही एकदमच शिकावयास घेतली. परिणाम असा झाला, की पुष्कळ ऐकूनही पदरात फारसे काही पडले नाही. १५२८ साली पॅरिसला पोहोचल्यावर आपला पाया कच्चा आहे हे त्यांनी ओळखले, आणि संकोच न बाळगता पुन्हा मुलांच्या वर्गात बसून लॅटिनचे अध्ययन प्रारंभापासून केले.

पॅरिसमध्ये त्यांना जी रीत दिसली, तिची लक्षणे तीन सांगता येतील. पहिले असे, की विद्यार्थ्यांची विभागणी त्यांच्या तयारीनुसार वर्गावर्गांत केलेली असे. दुसरे असे, की खालची पायरी पक्की झाल्याखेरीज वरच्या पायरीवर पाय ठेवू देत नसत. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, असे की प्राध्यापकाच्या व्याख्यानापाठोपाठ विद्यार्थ्यांकडून पाठांतर, लेखन आणि वादविवाद यांची तालीम करून घेतली जाई. इटलीतील विद्यापीठांत व्याख्याने थोर असत, पण ऐकणाऱ्याने त्यांचे पुढे काय करावे, हे बहुधा त्याचे त्यालाच ठरवावे लागे. ज्याने अव्यवस्थेचे चटके स्वतः सोसले, त्याला व्यवस्थेची किंमत कळावी, यात नवल नाही.

३. मेसिनाहून रोमला

१५४० साली पोपची मान्यता मिळाली तेव्हा विद्यालये चालविणे हा येशूसंघाचा मुख्य हेतू नव्हता. सिसिली बेटावरील मेसिना या बंदराच्या नागरिकांनी आपल्या मुलांसाठी शाळेची मागणी केली, आणि १५४८ साली इग्नेशियस यांनी दहा जणांची एक तुकडी तेथे धाडली. तिचे प्रमुख जेरोनिमो नादाल हेही पॅरिसला शिकलेले असल्यामुळे त्यांनी मेसिनाचे वर्ग पॅरिसच्या धर्तीवर बसविले.

या पुढची घटना लहान असली तरी तिच्यात आपल्या विषयाचे बीज आहे. रोममध्ये स्वतःचे विद्यालय उघडण्याचे ठरले, तेव्हा मुख्य ठाण्याने मेसिनाला हुकूम पाठविला नाही. उलट मेसिनाचे वर्ग कसे चालतात याचा तपशील तेथून मागविला, आणि आनिबाल द्यु कुद्रे नावाच्या तेथील शिक्षकाने तो १५५१ साली सविस्तर लिहून धाडला. त्याच वर्षी रोमचे विद्यालय सुरू झाले, त्याच्या दारावर विनामूल्य शिक्षणाची पाटी लागली, आणि आजचे ग्रेगोरियन विद्यापीठ हे याच विद्यालयाचे वारस होय. ज्ञानाचा प्रवाह येथे टोकाकडून मध्याकडे वाहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व शेवटी कळेल.

४. मसुदा, अभिप्राय आणि कलमे

१५५६ साली इग्नेशियस निवर्तले तेव्हा तीसहून अधिक असलेली विद्यालयांची संख्या शतक संपता संपता अडीचशेच्या घरात गेली. इतक्या ठिकाणी, इतक्या भाषांच्या मुलुखांत, प्रत्येक शिक्षक आपल्याच अंदाजाने शिकवू लागला तर एका विद्यालयातून दुसरीकडे बदललेल्या शिक्षकाची आणि विद्यार्थ्याचीही तारांबळ उडावी, हे उघड होते. म्हणून संघाचे प्रमुख क्लाउदिओ आक्वाव्हीव्हा यांनी १५८४ साली स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि रोम यांच्या वतीने एकेक असे सहा जण रोमला बसविले, आणि त्यांनी आजवरचे अनुभव चाळून १५८६ साली एक मसुदा सिद्ध केला.

हा मसुदा प्रांतोप्रांती पाठविला गेला, तो अंमलात आणण्यासाठी नव्हे, तर तपासण्यासाठी. प्रत्येक प्रांताने अनुभवी माणसे नेमावीत, मसुदा वाचून त्यातील गुणदोष लेखी कळवावेत, असा आदेश होता. आलेल्या अभिप्रायांवरून १५९१ साली दुसरा मसुदा झाला, तो काही वर्षे प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आला, आणि मग ८ जानेवारी १५९९ रोजी ‘रात्सिओ स्तुदिओरुम’, अर्थात अध्ययनाची व्यवस्था, या नावाने अंतिम ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेसिनापासून मोजले तर या एका पुस्तकामागे अर्धशतकाची रुजुवात आहे.

पुस्तकात चारशेंहून अधिक कलमे असून ती विषयवार न लावता पदांप्रमाणे लावली आहेत: प्रांताधिपतीने काय करावे, विद्यालयाच्या प्रमुखाने काय करावे, व्याकरणाच्या शिक्षकाने काय करावे, इत्यादी. त्यांतील तीन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे, अध्ययनाच्या देखरेखीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने निदान पंधरवड्यातून एकदा प्रत्येक शिक्षकाचा वर्ग प्रत्यक्ष ऐकावा. दुसरी म्हणजे, जे पुढे शिक्षक होणार त्यांनी एखाद्या मुरलेल्या शिक्षकापाशी पाठ देण्याचा, मजकूर सांगण्याचा व वह्या तपासण्याचा सराव अगोदर करावा. तिसरी म्हणजे, देश, काल आणि माणसे भिन्न असल्याने अभ्यासाच्या क्रमात व वेळात फेरबदल करावा लागल्यास तशी मुभा असावी, मात्र त्याची खबर वर द्यावी. पहिल्या दोन तरतुदींनी विरजण निर्दोष राहते. तिसरीने ते परक्या दुधाला लागते.

५. एक पाठ पाहू

या कलमांप्रमाणे वर्ग कसा चाले, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, सिसेरोच्या भाषणातील दहा ओळी शिकवावयाच्या आहेत. शिक्षक प्रथम तो उतारा स्पष्ट उच्चारात वाचून दाखवी. मग त्याचा मथितार्थ दोनचार वाक्यांत सांगे. मग, आपल्याकडे शास्त्रीबुवा श्लोकाचा अन्वय लावून एकेक पद सोडवून दाखवीत तसा, तो वाक्यावाक्याची उकल करी. आणि शेवटी त्यातील शब्दयोजनेचे मर्म व मागचा इतिहास सांगून थांबे. या साऱ्याला ते पूर्वव्याख्यान म्हणत, कारण खरे काम त्यानंतर सुरू होई.

दुसऱ्या दिवशी तोच भाग विद्यार्थी म्हणून दाखवीत, आणि शनिवारी साऱ्या आठवड्याची उजळणी होई. दहा-दहा मुलांवर एकेक नायक नेमलेला असे, व पाठांतर ऐकण्याचा भार तो वाही. याशिवाय वर्गाचे दोन तट पाडून, एकाला रोमचे व दुसऱ्याला कार्थेजचे नाव देऊन, प्रश्नोत्तरांचे सामने भरविले जात. उनाड मुलाला छडी देण्याचा प्रसंग आलाच, तर शिक्षकाने स्वतः हात उगारू नये, त्यासाठी संघाबाहेरचा वेगळा माणूस असावा, अशीही तजवीज होती. शिकवणारा हात आणि मारणारा हात एकच असू नये, ही समज त्या काळाच्या मानाने लहान म्हणता येणार नाही.

६. गोव्यातील दही

या व्यवस्थेचा प्रवास आपल्या किनाऱ्यापर्यंतही झाला होता. इग्नेशियस यांचे पॅरिसमधील सहाध्यायी फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले, आणि तेथील सेंट पॉल विद्यालयाचा कारभार लवकरच येशूसंघाकडे आला. मलबारपासून मलाक्क्यापर्यंतचे विद्यार्थी तेथे एका छपराखाली शिकत. आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थही १५४८ साली तेथे शिकत होता.

गोवा आणि रोम यांच्यातील खलित्यांची ये-जा पोर्तुगीज जहाजांवर आणि मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असे. पत्र जाऊन उत्तर हाती पडण्यास दीड-दोन वर्षे सहज लागत, आणि जहाज बुडण्याची धास्ती असल्याने एकाच पत्राच्या अनेक नकला निरनिराळ्या जहाजांनी धाडीत. अशा अवस्थेत रोमच्या परवानगीसाठी वर्ग खोळंबून ठेवणे अशक्यच होते. समुद्राने स्वतःच गोव्याच्या शिक्षकाला मुभा दिली होती, असे म्हटले तरी चालेल.

१५५६ साली गोव्यात हिंदुस्थानातील पहिला छापखाना आला. त्याने सर्वप्रथम काय छापले, हे वाचकाने तर्काने ओळखावे! धर्मग्रंथ नव्हे, तर विद्यालयातील वादसभेत विद्यार्थ्यांनी मांडावयाच्या सिद्धांतांचे मुद्दे. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. तरी या देशात मुद्रणकलेचा श्रीगणेशा वर्गातील वादविवादाच्या साहित्याने झाला, ही नोंद राहिली आहे.

१५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघी थॉमस स्टीफन्स यांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. येथील लोकांना त्यांच्याच ऐकण्याच्या सवयीतून शिकवावयाचे, तर ओवीच पाहिजे हे जाणून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. विरजण युरोपचे, दूध मात्र अस्सल येथले, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. गोव्यातील हे शिक्षण राजसत्तेच्या आणि धर्मांतराच्या छायेत चालत होते; १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे, न्यायासन बसले, आणि १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. स्टीफन्स यांनी जी भाषा कानांत प्राण आणून ऐकली, तीच बंद करण्याचा हा हुकूम होता. ज्या घरातले दूधच फेकून दिले जाते, तेथे विरजणाची थोरवी सांगून काय उपयोग?

७. कलमे थिजतात तेव्हा

आता एक सूक्ष्म गोष्ट पाहू. १५८६ चा मसुदा ऐसपैस होता. अमुक रीत का स्वीकारावी, तिच्याविरुद्ध काय म्हणता येईल, याची चर्चा त्यात निबंधासारखी केलेली होती. १५९९ च्या ग्रंथात मात्र ही कारणमीमांसा गाळून केवळ कलमे ठेवण्यात आली. व्यवहाराच्या दृष्टीने हे सोयीचे होते, कारण कामात बुडालेल्या शिक्षकाला निबंध वाचण्यास सवड नसते, कलम मात्र तो चटकन पाळू शकतो. परंतु कारण हरवलेला नियम पाळता येतो, सुधारता येत नाही. कारण तो कशासाठी होता हेच पुढच्या पिढीला ठाऊक नसते.

तसेच घडले. लॅटिन ही विद्वानांची व्यवहारभाषा होती तोवर लॅटिनवरचा भर सयुक्तिक होता. पण देशभाषांत ग्रंथ निर्माण होऊ लागले, गणित आणि प्रयोगविज्ञान यांनी उचल खाल्ली, तरी कलमे बव्हंशी जागची हलली नाहीत. १७७३ साली पोपनेच येशूसंघ विसर्जित केला, तेव्हा सातशेहून अधिक शिक्षणसंस्थांची घडी विस्कटली. त्यामागची कारणे मुख्यतः राजकीय होती, तो दोष अध्यापनाच्या माथी मारता येणार नाही. १८१४ साली संघाचे पुनरुज्जीवन झाल्यावर प्रमुख यान रोथान यांनी १८३२ साली ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती काढून मातृभाषा, इतिहास, भूगोल, गणित व पदार्थविज्ञान यांना अधिक जागा दिली. पण ती आवृत्ती सर्वत्र बंधनकारक कधीच झाली नाही. प्रत्येक राष्ट्राची शिक्षणपद्धती आता इतकी निराळी झाली होती, की साऱ्या जगाला एकच वेळापत्रक लावण्याचा काळ मागे पडला होता.

८. एका ग्रंथाऐवजी अनेकांची पंगत

विसाव्या शतकाने निराळा मार्ग धरला. १९२१ साली स्थापन झालेले मिलानचे आणि १९२३ साली स्थापन झालेले हॉलंडमधील नाइमेखनचे अशा दोन तरुण कॅथलिक विद्यापीठांच्या पुढाकाराने १९२४ साली परस्पर सहकार्याचा उपक्रम सुरू झाला. १९४८ साली त्याला पोपच्या दरबाराची रीतसर मान्यता मिळाली, आणि कॅथलिक विद्यापीठांचा आंतरराष्ट्रीय महासंघ हे नाव त्याने १९६५ साली धारण केले. त्याचे कार्यालय पॅरिसला असून सभासद विद्यापीठे दोनशेंहून अधिक आहेत. महासंघ म्हणजे सरकार नव्हे. तो हुकूम सोडू शकत नाही, भेटी घडवू शकतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली कॅथलिक विद्यापीठांसाठी काढलेल्या सनदेतही अशा परस्पर सहकार्यावर भर दिला आहे.

येशूसंघाने आपल्या परीने १९८६ साली, म्हणजे पहिल्या मसुद्याच्या चारशेव्या वर्षी, आपल्या शिक्षणाची लक्षणे सांगणारे एक निवेदन काढले. ते वाचून शिक्षकांनी रास्त प्रश्न विचारला: हे सारे उदात्त आहे, पण सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर करावयाचे काय? त्याचे उत्तर १९९३ साली देण्यात आले. या वेळी कलमांची यादी न देता विचाराचे एक चक्र देण्यात आले, आणि पुस्तिका नुसती टपालात न टाकता रोमजवळ व्हिला काव्हालेत्ती येथे निरनिराळ्या खंडांतील माणसांना बोलावून त्यांना ती प्रत्यक्ष शिकविण्यात आली. विरजणाबरोबर शेजारीणही चार घटका घरी येऊन बसली, असाच याचा अर्थ. ही पुस्तिका मूळ शाळांकरिता लिहिलेली असली, तरी विद्यापीठांनीही ती उचलली.

९. चक्राचे पाच आरे

त्या चक्राला पाच आरे आहेत: परिस्थिती, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन. एक काल्पनिक पाठ घेऊन ते फिरवून पाहू. विषय सरासरीचा, विद्यार्थी एका बंदरातल्या महाविद्यालयाचे.

अध्यापक प्रथम परिस्थिती पाहतो: वर्गातील पुष्कळ मुले मासेमारी करणाऱ्या घरांतील आहेत. मग अनुभव: मुले दहा घरांच्या रोजच्या मिळकतीचा अंदाज गोळा करतात. समजा, नऊ घरांना प्रत्येकी १० नाणी मिळतात आणि यांत्रिक नौकेच्या मालकाला २१०. एकूण ३००, घरे १०, म्हणून सरासरी ३०. गणित बिनचूक आहे.

आता चिंतन: ३० नाणी मिळविणारे घर कोणते? एकही नाही. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर तो १० येतो, आणि तोच वस्तीचे चित्र अधिक खरे दाखवितो. सरासरी खोटे बोलत नाही, पण तिला विचारलेला प्रश्न चुकीचा असू शकतो, हे मुलांच्या ध्यानी येते. त्यापुढे कृती: वस्तीच्या सहकारी संस्थेसाठी मुले मिळकतीचा खरा तक्ता करून देतात. शेवटी मूल्यमापन: सूत्र आले की नाही हे तर तपासायचेच, पण नवा आकडा समोर आल्यावर मुले काय विचारतात, हेही पाहायचे. हाच पाठ डोंगरातील महाविद्यालयात न्यावयाचा असेल, तर मासे तेथे जाणार नाहीत, चक्र जाईल.

यातील चौथ्या आऱ्याला विद्यापीठांत आज सेवाधिष्ठित अध्ययन म्हणतात: समाजाचे खरे काम हाच अभ्यासक्रमाचा भाग. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी सामाजिक सहभागाचा कार्यक्रम चालतो, तो याच वळणाचा. जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांत ही रीत पसरविण्याचा जो मोठा उपक्रम अलीकडे सुरू झाला, त्याची सूत्रे अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथील एका अभ्यासकेंद्राकडे आहेत. मनिला, चिली आणि बेल्जियमचे लूव्हेन येथील विद्यापीठे त्यात आपापल्या प्रदेशाचा भार वाहतात. लूव्हेनची स्थापना १४२५ सालची. सहा शतकांच्या वयाचे विद्यापीठ दक्षिण अमेरिकेकडून शिकवण्याची रीत घेते, तेव्हा मेसिनाहून रोमला गेलेल्या त्या जुन्या टिपणाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

१०. वाटी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. शिकवण्याची रीत देशांतर करते, पण एकटी करीत नाही. तिच्याबरोबर तिचे कारण गेले पाहिजे, नाहीतर १५९९ नंतर झाले तसे कलम राहते आणि अर्थ जातो. तिच्याबरोबर ती वापरणारे माणूस गेले पाहिजे, जसे मेसिनाला नादाल गेले. आणि ती घेणाऱ्याला आपल्या भाषेत, आपल्या परिस्थितीत बदल करण्याची मुभा पाहिजे, जी स्टीफन्स यांच्या हाती होती आणि १६८४ च्या फर्मानाने काढून घेतली.

एक चौथी अटही आहे, आणि ती आपल्या घरातल्या बायकांना कोणत्याही महासंघाच्या आधीपासून ठाऊक आहे. शेजारणीकडून विरजणाची वाटी आणली, की ती रिकामी परत करीत नाहीत. तळाशी चमचाभर साखर तरी घालतात. मेसिनाचे टिपण आणि ब्युनोस आयर्सची रीत ही अशीच परत आलेल्या वाटीतली साखर आहे.